निवृत्त सैनिकाची सात्म्यसंधी : वैद्याचे कर्तव्य व चिकित्साविचार

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या रुग्णपत्रिकांत माजी सैनिकांची संख्या लक्षणीय असते. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही तेथील घराघरांतून सैन्यात जाण्याची परंपरा चालू आहे. आपल्या भागात सेवानिवृत्त जवानास लोक आदराने 'मेजर' म्हणतात, मग त्याचा हुद्दा नायकाचा असो वा हवालदाराचा. हा 'मेजर' जेव्हा कंबरदुखी, अनिद्रा किंवा अम्लपित्त घेऊन आपल्यासमोर बसतो, तेव्हा आपण कंबर, झोप आणि पित्त पाहतो. त्याच्या आयुष्यात नुकताच घडलेला बदल मात्र बहुधा पाहत नाही. प्रस्तुत लेखात या बदलाचा आयुर्वेदीय दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही नमूद केली आहे. ती अन्य कोणाकडून होऊ नये, हाही लेखनामागील एक हेतू आहे.

शास्त्राधार

सैन्य आणि वैद्य यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३४ वा अध्याय 'युक्तसेनीय' या नावाचा आहे. स्वारीवर निघालेल्या राजाचे व सैन्याचे रक्षण वैद्याने कसे करावे, मार्ग, जल, अन्न, इंधन यांतील विषदोष कसे ओळखावेत, याचे विवेचन त्यात येते. वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि विष, शल्य वा रोग यांनी पीडित झालेल्यांना तो ध्वजाप्रमाणे दुरून दिसावा, असा त्या वर्णनाचा आशय आहे. चिकित्सेच्या चतुष्पादांचे विवेचनही याच अध्यायात आले आहे. परंतु हा अध्याय मोहिमेवरील सैन्याचा आहे. मोहीम संपवून घरी परतलेल्या सैनिकाचे काय, याचे उत्तर आपल्याला अन्य प्रकरणांतून जुळवावे लागते.

ते उत्तर माझ्या मते तीन ठिकाणी सापडते. पहिले, चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम. सवयीच्या झालेल्या अहितकर गोष्टी एकदम न सोडता अंशाअंशाने सोडाव्यात व हितकर गोष्टी तशाच अंशाअंशाने, एक, दोन व तीन दिवसांच्या वाढत्या अंतराने अंगीकाराव्यात, हा तो क्रम होय. पादांश म्हणजे चतुर्थांश की चतुर्थांशाचाही चतुर्थांश, याविषयी टीकेत दोन पक्ष मांडलेले आहेत. तथापि क्रमाने जाण्याविषयी दुमत नाही. दुसरे, वाग्भटाने ऋतुचर्येच्या अध्यायात सांगितलेली ऋतुसंधी. गतऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस या काळात जुनी चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, अन्यथा असात्म्यज रोग उद्भवतात. तिसरे, चरकाने तिस्रैषणीय अध्यायात मांडलेली त्रिविध चिकित्सा आणि त्यातील सत्त्वावजय.

चौदा दिवसांच्या ऋतुबदलासाठी आचार्य एवढी दक्षता सांगतात. मग सतरा-अठरा किंवा चोवीस वर्षांची चर्या एका दिवसात बदलणाऱ्या माणसासाठी आपण किती दक्षता घ्यावी? या अवस्थेस मी 'सात्म्यसंधी' म्हणतो. हा शब्द संहितेतील नाही, विषय समजून घेण्याच्या सोयीसाठी योजिलेला आहे.

काय बदलते?

जवान साधारणतः पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान सेवानिवृत्त होतो. निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. नागरी नोकरीत ज्या वयात माणूस स्थिरावतो, त्या वयात हा नव्याने प्रारंभ करतो. घरी मुलांची शिक्षणे, वृद्ध आईवडील, अर्धवट राहिलेले घराचे बांधकाम आणि भावकीतील जमिनीची वाटणी त्याची वाट पाहत असतात.

१) विहार : पहाटेचे उठणे, पी.टी., परेड, सायंकाळचे खेळ, ठराविक वेळी निद्रा. हे सर्व एका दिवसात थांबते. वेळेची सत्ता बाहेरून होती, ती आता स्वतःकडे येते, आणि अनेकांना तीच पेलत नाही.

२) आहार : लंगरातील आहार हा मोठ्या व्यायामाच्या हिशेबाने योजलेला असतो. व्यायाम थांबतो, आहाराचे प्रमाण मात्र तेच राहते. सत्कार, पाहुणचार, जत्रा, लग्ने यांचीही त्यात भर पडते.

३) देश : राजस्थानचे जांगल, ईशान्येचे आनूप, लडाखचे अतिशीत व विरळ हवेचे प्रदेश यांतून हा देह गेलेला असतो. सियाचिन येथे १९८४ पासून आपले सैन्य तैनात आहे. तेथे सेवा केलेल्यांत शीतदंशाने बधिर झालेली बोटे, थंडीत वाढणारी सांधेदुखी अशी लक्षणे पुढे अनेक वर्षे दिसतात.

४) कुटुंब : वर्षातून दोन-तीन महिने रजेवर येणारा पिता कायमचा घरी येतो. पंधरा-वीस वर्षे घर, शेत, शाळा व दवाखाना एकटीने सांभाळलेल्या पत्नीला तो आता सूचना देऊ लागतो. मुलांना रजेवरचे लाड करणारे वडील ठाऊक असतात, रोज शिस्त लावणारे ठाऊक नसतात. दोष कोणाचाच नसतो, पण घरात ठिणगी पडते.

५) प्रतिष्ठा : काल ज्याच्या शब्दावर दहा जवान 'फॉल इन' होत, तो आज पुण्यातील एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा असतो आणि शाळकरी पोर त्याला 'ए वॉचमन' अशी हाक मारते. एका रुग्णाने मला सांगितले, "डॉक्टर, गोळीची भीती नव्हती कधी. पण ही हाक आतपर्यंत जाते." हे वाक्य रुग्णपत्रिकेत कोणत्या रकान्यात लिहावे, हे मला त्या दिवशी कळले नाही. आज मी ते हेतूंच्या रकान्यात लिहितो.

संप्राप्तीचा विचार

अ) संतर्पणोत्थ विकार : चरक चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाच्या हेतूंमध्ये बैठे सुख व निद्रासुख यांना अग्रस्थान आहे. व्यायामसात्म्य देहाने व्यायाम एकदम सोडला आणि आहार तोच ठेवला, तर कफ-मेदाची वृद्धी अटळ होय. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वजन दहा-बारा किलोंनी वाढून स्थौल्य, प्रमेह वा उच्च रक्तदाब घेऊन येणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले असतील. हा संतर्पणाचा भाग असल्याने येथे बृंहण रसायन देण्याची घाई करू नये. 'फौजी आहे, ताकदीचे काहीतरी द्या' या आग्रहास वैद्याने बळी पडू नये.

आ) वातप्रकोप : भारवहन, दीर्घ पदयात्रा, उंचावरील चढ-उतार, रात्रपहारा व वाहनांचे हादरे यांमुळे कटी, जानु, ग्रीवा या ठिकाणी वात स्थिरावलेला असतो. सेवाकाळात स्नायुबलामुळे तो दबून राहतो. व्यायाम सुटताच बल घटते व गृध्रसी, संधिगतवात प्रकट होतात. तोफखान्यातील जवानांत कर्णनाद व बाधिर्य विशेष आढळते. 'मेजर मोठ्याने बोलतात, ऐकूनच घेत नाहीत' ही घरच्यांची तक्रार अनेकदा स्वभावाची नसून श्रवणाची असते. अशा रुग्णाची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. एका घरातील वर्षभराचे भांडण श्रवणयंत्राने मिटल्याचे मी पाहिले आहे.

इ) मनोवह स्रोतसांची दुष्टी : अनिद्रा, दुःस्वप्ने, अकस्मात येणारा क्रोध, लोकांत बसण्याची अनिच्छा, पाठीमागून आवाज आला असता दचकणे, दाराकडे तोंड करूनच बसणे, घडलेला प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात बाधा आणत असतील, तर आधुनिक वैद्यक त्यास आघातोत्तर तणावविकार म्हणते. प्रत्येक माजी सैनिकाला हा विकार असतो, असे मुळीच नाही. बहुसंख्य जवान काही महिन्यांत नव्या जीवनाशी जुळवून घेतात. म्हणून वैद्याने लक्षणे आरोपित करू नयेत आणि असलेली लक्षणे 'फौजी माणूस आहे, तापट असणारच' असे म्हणून दुर्लक्षूही नयेत.

रुग्णानुभव १ : माझी चूक

निवृत्त नायक, वय ४२. तक्रारी : कटिशूल, अनिद्रा, दौर्बल्य, उत्साहहानी. निवृत्तीस एक वर्ष झालेले. नाडी वातप्रधान, अग्नी विषम. मी बाह्य स्नेहन-स्वेदन सांगितले, गुग्गुळकल्प दिला आणि बल्य म्हणून अश्वगंधारिष्ट व बलारिष्ट समभाग, प्रत्येक वेळी २० मि.ली. समभाग पाण्यासह, दोन्ही जेवणांनंतर लिहून दिले. व्यसनाविषयी विचारले होते. तो म्हणाला, "काही नाही." ते उत्तर खरे होते, पण अपुरे होते. पूर्वी काय होते, हे मी विचारलेच नाही.

दोन आठवड्यांनी त्याची पत्नी एकटीच आली. तिने बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या औषधाला तोच वास येतो." आठ महिन्यांपूर्वी त्याने मद्य सोडले होते. पहिली बाटली तीन दिवसांत संपली, दुसरी त्याने दुकानातून स्वतः आणली आणि दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा पूर्ववत पिऊ लागला. आसवारिष्टांत स्वयंजात मद्यार्क बारा टक्क्यांपर्यंत असू शकतो, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. औषध लिहिताना मात्र त्याचा विसर पडतो.

चरकाने मदात्ययाच्या अध्यायात ध्वंसक व विक्षय यांचे वर्णन केले आहे. मद्य सोडलेल्या माणसाने पुन्हा एकाएकी अतिमद्यपान केल्यास उद्भवणाऱ्या या अवस्था आचार्यांनी कष्टसाध्य मानल्या आहेत. तो अध्याय मी परीक्षेसाठी वाचला होता. त्या दिवशी तो समोरच्या खुर्चीवर बसलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर वाचला. रुग्णास शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे मनोविकारतज्ज्ञ व व्यसनमुक्ती केंद्र यांच्या साहाय्याने तो सावरला आणि आज तो माझ्याकडे केवळ कंबरेसाठी येतो. परंतु त्या घराचे मधले सहा महिने परत देता येत नाहीत.

यावरून घेतलेले नियम :

• 'पिता का?' एवढेच न विचारता 'पूर्वी किती, कधीपासून, केव्हा सोडली, कशी सोडली?' असे विचारावे.
• मद्य सोडलेल्या रुग्णास आसव-अरिष्ट देऊ नये. क्वाथ, चूर्ण, वटी, घृत हे पर्याय विपुल आहेत.
• मद्य सोडण्यासाठी डायसल्फिराम चालू असलेल्यास आसवारिष्ट दिल्यास तीव्र व धोकादायक प्रतिक्रिया संभवते.
• नियमित व अधिक मद्य घेणाऱ्याने एकदम बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके व साधारण दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम, प्रलाप उद्भवू शकतात. त्यात प्राणसंकट असते. असा रुग्ण घरी ठेवू नये, त्वरित रुग्णालयात पाठवावा.

रुग्णानुभव २ : दिवाळीचे आवाज

निवृत्त हवालदार, वय ४६. सेवेचा मोठा काळ जम्मू-काश्मीरमध्ये. तक्रार : दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोप नाहीशी होणे. इतिहास घेताना पत्नीने सांगितले की दिवाळीच्या चार दिवसांत हे घरी थांबतच नाहीत, रानातल्या छपरात झोपायला जातात. गावात 'मेजर शेत राखतात' असा समज होता. वास्तविक सुतळी बॉम्बचा आवाज त्याला सहन होत नव्हता आणि ते मुलांपुढे सांगण्याची लाज वाटत होती.

या रुग्णास प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून निदान निश्चित करून घेतले. त्यांची औषधे व मनोचिकित्सा चालू ठेवून आपल्याकडून सायंकाळी अभ्यंग व कोष्ण जलाने स्नान, रात्री काशाच्या वाटीने गोघृताचा पादाभ्यंग, आणि तज्ज्ञांशी बोलून जटामांसीचा फांट एवढाच उपक्रम केला. पत्नीशी व मुलांशी स्वतंत्र बोललो. पुढील दिवाळीत धाकट्या मुलाने आपणहून मित्रांना आमच्या गल्लीत बॉम्ब नको असे सांगितले. हवालदार त्या वर्षी दोनच रात्री रानात गेले, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. यातील श्रेय कोणत्या उपक्रमास किती, हे मला सांगता येणार नाही. मात्र घराने कारण समजून घेतले, ही त्यातील मोठी गोष्ट होती, असे वाटते.

सत्त्वावजय : करावे व करू नये

मानसदोषांच्या शमनासाठी चरकाने ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले आहेत. यांतील 'स्मृती' या शब्दाचा अर्थ सावधपणे घ्यावा. ज्याची स्मृतीच जखम झाली आहे, त्याच्याकडून रणप्रसंगाचे तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेणे म्हणजे चिकित्सा नव्हे. ते काम प्रशिक्षित मनोचिकित्सकाचे आहे. रुग्ण आपणहून सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे, कुतूहलाने विचारू नये.

तसेच उन्मादचिकित्सेत रुग्णास भय दाखविणे, त्रासन करणे असे काही उपाय वर्णिले आहेत. ते त्या काळच्या संदर्भात वाचावेत. भयातूनच उद्भवलेल्या विकारात त्यांचा आज उपयोग करणे सर्वथा अयोग्य आहे. याच अध्यायात भय-शोकादींच्या विरुद्ध भावांची योजना व सुहृदांचे आश्वासन सांगितले आहे, ते मात्र आजही तितकेच ग्राह्य आहे.

येथे कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाचा पदव्युत्तर पदवीधर हा मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरतो, केवळ बी.ए.एम.एस. पदवीधर नव्हे. मी स्वतः या दुसऱ्या वर्गातला आहे. आपले काम वेळीच ओळखणे, आधार देणे व योग्य ठिकाणी पाठविणे हे आहे, आणि ते लहान नाही. गावातील माजी सैनिक मनोविकारतज्ज्ञाच्या दारात सहसा प्रथम जात नाही. तो कंबरेचे निमित्त करून आपल्याकडेच येतो.

आत्मघाताचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुजतो, हा समज चुकीचा आहे. अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून काम करतात व काहींकडे परवान्याची बंदूक असते. म्हणून 'घरात हत्यार आहे का?' हा प्रश्नही आवश्यक आहे. धोका जाणवल्यास रुग्णास एकटे सोडू नये. हत्यार घरापासून दूर, विश्वासू ठिकाणी ठेवण्याविषयी कुटुंबाशी बोलावे व त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असून मराठीतही बोलता येते.

चिकित्साक्रम

पादांशिक क्रमाची योजना करताना प्रथम हे ठरवावे की सैनिकी चर्येतील काय सोडावयाचे आणि काय राखावयाचे. येथे नेहमीच्या क्रमाहून थोडा उलट विचार करावा लागतो. पहाटे उठणे, नियमित व्यायाम, स्वच्छता, वेळेवर भोजन या सवयी हितकर आहेत. त्या सोडवू नयेत, किंबहुना सुटल्या असल्यास परत आणाव्यात. सोडवावयाचे ते व्यायामकाळातील आहाराचे प्रमाण, रात्रभर सावध राहण्याची सवय आणि सायंकाळचे मद्य. यांतील मद्याचा क्रम वर सांगितल्याप्रमाणे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच असावा.

१) व्यायाम : पूर्वीच्या शक्तीवर न जाता आजच्या अर्धशक्तीने करावा. चाळिशीनंतर पुन्हा एकदम पाच किलोमीटर धावणाऱ्याचे गुडघे व हृदय दोन्ही तपासून घ्यावेत. प्रथम चालणे, मग सूर्यनमस्कार, मग क्रमाने वाढ.

२) आहार : एकूण प्रमाणातून प्रथम चतुर्थांश पोळी-भात कमी करून त्या जागी ज्वारी-नाचणीची भाकरी, मूग, ताक, पालेभाज्या द्याव्यात. हे अंगवळणी पडल्यावर पुढील पाद घ्यावा.

३) निद्रा : रात्रपाळीची नोकरी पत्करलेल्यांना पाळी सतत बदलण्यापेक्षा एकच पाळी मागून घेण्यास सुचवावे. रात्रीच्या जागरणानंतर सकाळी भोजनापूर्वी, जागरणाच्या निम्म्या काळाइतकी निद्रा घ्यावी. सायंकाळनंतर चहा वर्ज्य करावा.

४) औषधे : अनिद्रेत अश्वगंधा चूर्ण ३ ग्रॅम रात्री दुधासह. थायरॉईडची औषधे, निद्राकर औषधे चालू असल्यास वा यकृतविकार असल्यास टाळावे. जटामांसी फांट २ ते ३ ग्रॅम द्रव्याचा. मेध्य रसायनांपैकी मंडूकपर्णी, शंखपुष्पी प्रकृतीनुसार. यष्टिमधु उच्च रक्तदाबात दीर्घकाळ देऊ नये. कटिशूल-गृध्रसीत रास्नासप्तक क्वाथ, निर्गुंडी, बाह्यतः बलातैल वा महानारायण तैल. प्रमेहात निशा-आमलकी, सोबत रक्तशर्करेवर लक्ष. चालू असलेली आधुनिक मानसौषधे रुग्णास स्वतःहून बंद करू देऊ नयेत, आपणही करू नयेत.

५) आचार रसायन : चरकाने वर्णिलेल्या आचार रसायनात सत्य, अक्रोध, मद्यनिवृत्ती, सम निद्रा-जागरण, इतरांप्रती आदर यांचा अंतर्भाव आहे. माजी सैनिकास हे समजावताना नवे काही सांगावे लागत नाही, त्याच्याच शिस्तीची भाषा वापरावी. गावातील मुलांना भरतीपूर्व सरावासाठी मैदानावर नेणे, ग्रामपंचायतीत लक्ष घालणे, शेती, दुग्धव्यवसाय, अशा कामांत गुंतलेले रुग्ण लवकर सावरतात, असा अनुभव आहे. गरज औषधाइतकीच उपयोगी पडण्याची असते.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या संघटनेत औषधी दुकानांचे मालकही सभासद आहेत. त्यांना नम्र सूचना :

• एकच ग्राहक आसवारिष्टाच्या बाटल्या वारंवार, चिठ्ठीविना नेत असेल, तर दोन शब्द बोलावे व त्याच्या वैद्यास कळवावे. वर उल्लेखिलेली दुसरी बाटली अशीच विकली गेली होती.
• सर्पगंधायुक्त कल्प झोपेसाठी चिठ्ठीविना देऊ नयेत. सर्पगंधेमुळे अवसाद वाढू शकतो. ज्याचे मन आधीच खचले आहे, त्यास ते घातक ठरते.
• सांधेदुखीची बिननावाची पुडी, ज्यावर घटकांची नोंद नाही, ती ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉईड वा वेदनाशामकांची भेसळ सापडत असते.
• टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दुकानात दर्शनी लावावा.

उपलब्ध यंत्रणा

रुग्णास मार्गदर्शन करता यावे म्हणून वैद्यास पुढील माहिती असावी. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबासाठी १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. ही अंशदायी आरोग्य योजना असून तिची पॉलिक्लिनिके जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाल्यांची शिष्यवृत्ती, नोकरी व निवृत्तिवेतनाच्या अडचणी यांबाबत साहाय्य मिळते. पाठीच्या कण्याच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी खडकी येथे पुनर्वसन केंद्र आहे. १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी संस्थाही खडकीलाच आहे. आयुर्वेदापुरते सांगावयाचे, तर २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय घेतला.

आणखी एका नव्या वर्गाकडे लक्ष वेधतो. जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेत जवानाची सेवा चार वर्षांची असून त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतात. उर्वरितांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, निवृत्तिवेतन नाही व ई.सी.एच.एस.चे छत्रही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेर व २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. म्हणजे विशी-पंचविशीतील, देहाने सक्षम पण पुढील वाट नक्की नसलेले तरुण गावी परततात. त्यांची सात्म्यसंधी लहान वयातील व वेगळ्या प्रकारची असेल. एकरकमी पैसा, रिकामा वेळ आणि मित्रमंडळी यांचा योग कसा असतो, हे वैद्यांना सांगावयास नको.

रुग्णपत्रिकेत भर

शेवटी, माजी सैनिकाच्या रुग्णपत्रिकेत पुढील प्रश्न जोडावेत, अशी विनंती करतो. यास दहा मिनिटे लागतात.

१) निवृत्ती केव्हा? किती वर्षे सेवा? कोणत्या शाखेत : पायदळ, तोफखाना, वाहनचालक, अन्य?
२) अतिउंच, अतिशीत प्रदेशात सेवा? दुखापत? श्रवणात न्यूनता?
३) निवृत्तीपूर्वीचे व आजचे वजन, व्यायाम, आहार.
४) निद्रा : किती वाजता, किती तास, स्वप्ने, दचकणे.
५) मद्य, तंबाखू : आज व पूर्वी.
६) सध्याचे काम, पाळी, त्यातील समाधान.
७) घरी पत्नी-मुलांशी बोलणे कसे आहे? शक्य तेव्हा पत्नीशी स्वतंत्र संवाद.
८) जीव नकोसा वाटतो का? घरात हत्यार आहे का?
९) चालू असलेली सर्व औषधे.

उपसंहार

सैन्यातून परतलेला माणूस रोगी नव्हे, तो संधिकालात असलेला माणूस आहे. ऋतुसंधीत जसे आपण स्वस्थालाही पथ्य सांगतो, तसेच त्यालाही सांगावे, रोग होण्याची वाट पाहू नये. गावात कोणी मेजर सेवानिवृत्त होऊन आला, की सत्काराचा नारळ देण्यास आपणही जातो. त्याच वेळी त्यास आठवडाभरात दवाखान्यात येण्याचे निमंत्रण द्यावे, वजन-रक्तदाब-शर्करा पाहावी आणि वरील नऊ प्रश्न विचारावेत. सुश्रुताने छावणीतील वैद्य ध्वजाप्रमाणे दुरून दिसावा असे सांगितले, ते जखमीस शोधत फिरावे लागू नये म्हणून. आपला दवाखाना त्याच्या घरापासून चार पावलांवर असतो. तेथे कंबरेशिवाय इतरही दुखणे सांगता येते, एवढे मात्र त्यास आधी कळले पाहिजे.

या विषयावर सभासदांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले उपचार, संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावेत. यशस्वी रुग्णपत्रिका आपण नेहमीच वाचतो. फसलेल्या उपचारांतून पुढील रुग्णाचे अहित टळते, म्हणून त्याही लिहिल्या जाव्यात. इत्यलम्.